भंडारदऱ्याच्या डोंगरात केबिनमध्ये राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून भंडारदरा दोनेक तासांवर. मुलं लहान होती तेव्हापासून आम्ही वर्षातून तीन-चारदा तिकडे राहायला जातो. त्यामुळे मे महिना लागला की एकदा आणि डिसेंबरात पुन्हा एकदा ओळखीच्यांचे, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे मेसेज सुरू होतात. तेच प्रश्न दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा इथे एकत्र लिहून ठेवते आहे. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ देता यावा म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. केबिन म्हणजे नेमकं काय? तंबू किंवा हॉटेलपेक्षा वेगळं काय?

डोंगरात सुटं उभं असलेलं, एक-दोन खोल्यांचं छोटं घर. आपल्याकडे या नावाखाली तीन-चार प्रकार मिळतात: लाकडी फळ्यांचं घर, इंग्रजी ‘ए’सारखं तिरक्या छपराचं त्रिकोणी घर, पत्र्याच्या पॅनेलचं तयार घर आणि दगड-विटांची कौलारू कॉटेज. तंबूच्या मानाने तुम्हाला दार, कडी, पलंग आणि बहुतेक वेळा आतच संडास-बाथरूम मिळतं. हॉटेलातलं रिसेप्शन, लिफ्ट, रात्री अकराला मागवलेला चहा मात्र मिळत नाही. मालक किंवा राखणदार गावात राहतो, साडेनऊ-दहाला झोपतो आणि पहाटे उठतो. हे डोक्यात ठेवून गेलात तर अर्ध्या तक्रारी उरतच नाहीत.

२. केबिन नक्की कोणत्या गावात घ्यावी? सगळ्या जाहिरातींत ‘भंडारदरा’च लिहिलेलं असतं.

हो, आणि इथेच लोक फसतात. धरणाला लागून असलेलं गाव शेंडी. इथे बाजार आहे, चहाच्या टपऱ्या आहेत, एसटी येते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर शेंडीच्या आसपासच राहा. प्रवरा नदीवरचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या मागे पसरलेला जलाशय म्हणजे आर्थर लेक. त्याला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर पुढे रतनवाडी, साम्रद आणि घाटघर लागतात.

रतनवाडीत अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे आणि रतनगडाची वाट तिथूनच चढते. साम्रद सांदण दरीच्या तोंडाशी. घाटघरला कोकणकडा आहे, तिथे वारा आणि पाऊस दोन्ही जास्त. ही गावं शेंडीपासून वीसएक किलोमीटरवर असली तरी रस्ता वळणांचा आहे, तेव्हा पाऊण तास ते तास धरा. कळसूबाई चढायचं असेल तर बारी गाव सोयीचं, ते घोटीकडून येताना शेंडीच्या आधीच लागतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला शेंडी किंवा तळ्याचा काठ, दुसऱ्या खेपेला रतनवाडी. घाटघर पावसाळ्यात फार सुंदर असतं, पण चार दिवस धुक्यात घराबाहेर काही दिसलं नाही तरी ज्यांना चालेल त्यांनीच तिथे राहावं.

३. कोणत्या महिन्यात जावं?

काय बघायचं आहे त्यावर ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे, भातलावणी आणि धुकं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस ओसरतो, पठारांवर सोनकी आणि तेरडा फुलतो, भात पोटरीला येतो. माझा सगळ्यात लाडका काळ हाच, कारण गर्दीही कमी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी आणि चांदणं. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्या रात्री चंद्र नसेल तर अंगणात सतरंजी टाकून पडा. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर करपलेले असतात आणि दुपारी पत्र्याच्या केबिनमध्ये बसवत नाही. मेअखेरीस काजवे (प्रश्न ४).

४. काजवे नक्की कधी दिसतात? पुढच्या शनिवारी दिसतील का?

साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस जोर धरेपर्यंत. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की वाढतात, मोसमी पाऊस मुसळधार झाला की आठवड्याभरात संपतात. तारीख कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. निघायच्या दोन दिवस आधी केबिनवाल्यालाच फोन करून विचारा, ‘दादा, झाडं भरली का?’ हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि अख्खं झाड एका तालात लुकलुकतं.

हा प्रकाश म्हणजे त्यांची जोडीदाराला घातलेली साद आहे. तुमच्या मोबाइलच्या टॉर्चमध्ये आणि गाडीच्या हेडलाइटमध्ये ती हरवते. म्हणून गाडी लांब लावा, दिवे बंद करा आणि वाट सोडून गवतात शिरू नका, कारण माद्या आणि अळ्या जमिनीलगत असतात. काजवे पकडून बाटलीत घालून देण्याचा हट्ट मुलांनी केला तरी पुरवू नका. शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग लागते आणि वनखातं नाक्यावर प्रवेश मर्यादित करतं. मंगळवार-बुधवारची सुट्टी काढता आली तर तीच काढा.

५. कसं पोहोचायचं? स्वतःची गाडी नाही.

रेल्वेने इगतपुरी गाठा. मुंबईहून लोकल कसाऱ्यापर्यंतच येते, पण बऱ्याच एक्स्प्रेस इगतपुरीला थांबतात. तिथून घोटी, आणि घोटीहून शेंडी-राजूरकडे एसटी किंवा जीप. शेंडीच्या पुढे रतनवाडी-साम्रदला जायचं असेल तर केबिनवाल्याकडूनच गाडी ठरवून घ्या. ऐनवेळी वाहन मिळेलच असं नाही.

गाडीने येणाऱ्यांनी मुंबई-नाशिक महामार्गावर घोटीला वळायचं. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर असा रस्ता. पेट्रोल घोटीत किंवा राजूरला भरून घ्या. राजूरहून येणार असाल तर तिथले पेढेही घ्या.

६. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालो तर रात्री अकरा-बाराला पोहोचू. चालेल ना?

माझं ठाम उत्तर: नाही. दिवसाउजेडी पोहोचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे चारला केबिनवर असलेलं बरं. रात्री या रस्त्यांना दिवे नाहीत, पावसाळ्यात दरड आलेली असेल तर वळण संपल्यावरच दिसते, आणि नकाशाचं ॲप तळ्याकाठच्या केबिनसाठी कधीकधी शेताच्या बांधावर नेऊन सोडतं. आम्ही एकदा असेच रात्री दीडला चिखलात रुतलो होतो. गावातली चार माणसं झोपेतून उठून आली, बैलजोडी लावून त्यांनी गाडी काढली आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना पहाटे भाताच्या आवणावर जायचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

शुक्रवारी उशीर होणारच असेल तर रात्र इगतपुरीत किंवा घोटीत काढा आणि सकाळी वर या.

७. बुकिंगआधी काय काय विचारू?

दर माणशी आहे की केबिनचा? त्यात किती वेळचं जेवण धरलं आहे? मुलांचा आणि जास्तीच्या गादीचा दर वेगळा आहे का? संडास आत की बाहेर, आणि कमोड की भारतीय? गरम पाणी कशावर तापतं? (हा प्रश्न जिवाचा आहे, प्रश्न ११ पाहा.) वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि त्यावर नुसते दिवे चालतात की मोटारही? गाडी दारापर्यंत जाते की शेवटचं अंतर चालायचं?

आणखी एक. फोटो पाहून पैसे पाठवू नका. दुसऱ्याच्या केबिनचे फोटो लावून पैसे उकळणारी पानं इंटरनेटवर बरीच आहेत. व्हिडिओ कॉल करून ‘आत्ता दारातून तळं दाखवा’ म्हणा. खरा मालक लगेच दाखवतो. यूपीआयवर येणारं नाव आणि बोलणाऱ्या माणसाचं नाव जुळतंय का बघा.

८. आगाऊ पैसे भरले आणि मुसळधार पावसामुळे जाता आलं नाही तर?

आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मोठ्या कंपन्यांचे नियम ठरलेले असतात. गावातला मालक सहसा पैसे परत देण्याऐवजी तारीख बदलून देतो, आणि ते मला योग्य वाटतं. त्याने तुमच्यासाठी किराणा भरलेला असतो, कोंबडी सांगून ठेवलेली असते. मात्र जिल्हा प्रशासनाने पर्यटनबंदीचा आदेश काढला असेल तर गोष्ट वेगळी. मग ‘तुम्ही या हो, कोण बघतंय’ असं सांगणाऱ्या मालकाकडे पुन्हा कधीच जाऊ नका.

९. जेवणाचं काय? स्वतः शिजवता येतं का?

काही केबिनमध्ये गॅस आणि भांडी असतात, पण माझं ऐकाल तर गावातलंच जेवा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात, गावठी कोंबडीचा रस्सा. पावसाळ्यात रानभाज्या विचारा: करटोली, टाकळा, कुर्डू, भारंगी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली आहे, आणि त्यांच्या या तालुक्यात ताटातला भात कोणत्या वाणाचा हे विचारलंत तर घरातल्या मावशी कौतुकाने सांगतात.

जेवण चार-पाच तास आधी सांगावं लागतं. कांदा-लसूण नको असेल किंवा उपास असेल तर आदल्या दिवशीच कळवा. खिचडीचा साबुदाणा भिजवायला वेळ लागतो आणि दुकान जवळ नसतं.

१०. थंडी किती असते? काय कपडे न्यावेत?

भंडारदरा समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. हजार मीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे मुंबईपेक्षा चार-पाच अंशांचा फरक उंचीनेच पडतो. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री तो याहून बराच वाढतो, कारण जमीन पटकन निवते आणि थंड, जड हवा उतारावरून घरंगळत खोलगट भागात साठते. म्हणून तळ्याकाठची केबिन टेकाडावरच्या केबिनपेक्षा पहाटे जास्त गार लागते, हे पुष्कळांना उलटं वाटतं.

एका जाड जॅकेटऐवजी दोन-तीन थर, कानटोपी आणि लोकरी मोजे न्या. मालकाची पांघरुणं असतातच, तरी प्रत्येकी एक आपली शाल किंवा गोधडी ठेवा. लाकडी केबिनच्या फळ्यांमधून वारा येतो. त्या फटी कागद कोंबून बंद करू नका. का, ते पुढच्याच उत्तरात.

११. रात्री थंडी वाजली तर केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवली तर चालेल का? मालक देतो म्हणाला.

अजिबात नाही. दार किलकिलं ठेवूनही नाही, विझत आलेले निखारेही नाहीत. या पानावरचं हे एकच उत्तर वाचलंत तरी चालेल.

कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. जागा माणूस डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय म्हणून उठून बाहेर तरी जाईल. झोपलेला माणूस उठतच नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक वाटतात, पण धूर नसतानाही हा वायू असतोच. दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे अख्खं कुटुंब असं जातं.

बाथरूममधल्या गॅस गिझरचंही हेच. मोठी खिडकी किंवा झरोका नसलेल्या बाथरूममध्ये गिझर चालू ठेवून अंघोळ करू नका. दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या, मग आत जा. सौर किंवा विजेचा गिझर, किंवा मागच्या दारी चुलीवरचं पाणी मिळत असेल तर तेच मागा.

एकाच वेळी दोघा-तिघांना डोकेदुखी किंवा मळमळ सुरू झाली तर जेवण बाधलं असेल म्हणत बसू नका. सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. ऊब हवी असेल तर रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी घ्या, रात्रभर पुरते.

१२. मग बाहेर शेकोटी तरी करता येते ना?

केबिनच्या अंगणात, मालकाने नेमून दिलेल्या जागी, हो. जंगलात किंवा गडावर नाही. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. डिसेंबरनंतर गवत इतकं वाळतं की एक ठिणगी पुरते. लाकूड मालकाकडून विकत घ्या, स्वतः तोडून आणू नका. झोपायला जाण्याआधी पाणी ओता, राख काठीने उसकटा, पुन्हा पाणी ओता. राहिलेले निखारे ‘जरा ऊब’ म्हणून आत नेऊ नका.

१३. साप-विंचवांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीती नको, सवयी हव्यात. रात्री टॉर्चशिवाय अंगणातही पाऊल टाकू नका. बूट घालण्याआधी उलटे करून झटका. जमिनीवर अंथरूण घालून झोपू नका, कारण मण्यार रात्रीच फिरतो आणि त्याच्या दंशाला कधीकधी वेदनाही होत नाही. पलंगावर मच्छरदाणी असेल तर कडा गादीखाली खोचा. लाकडाच्या ढिगात, दगडाखाली हात घालू नका.

साप चावलाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, करकचून दोरी बांधणं यांतलं काहीही करायचं नाही. माणसाला झोपवा, चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या. असा सर्वात जवळचा दवाखाना कोणता, हे केबिनवर पोहोचल्याबरोबर मालकाला विचारून ठेवा. सापाला मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका.

लाल विंचवाचा दंश लहान मुलांना फार घातक असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगी पडतं हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून असंख्य मुलं वाचली. पण ते औषध डॉक्टरांनी द्यायचं आहे. मुलाला घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मंत्र-उतारे न करता सरळ दवाखाना गाठा.

१४. आमचा कुत्रा बरोबर आणला तर?

केबिनवाल्याने हो म्हटलं तरच, आणि रात्री तो तुमच्याबरोबर आत झोपणार असेल तरच. या भागात बिबट्या आहे आणि कुत्रा त्याचं नेहमीचं भक्ष्य. अंगणात बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. जंगलात आणि गडाच्या वाटेवर त्याला नेऊ नका. माणसांसाठी नियम एवढाच की तिन्हीसांजेनंतर लहान मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही.

१५. पावसाळ्यात केबिन गळते का?

लाकूड फुगतं, दारं घट्ट बसतात, गाद्यांना दमट वास येतो आणि पत्र्यावरच्या पावसात शेजारी काय बोलतोय ते ऐकू येत नाही. हे सगळं गृहीत धरा. पलंगावर पाणी टपकणं मात्र गृहीत धरू नका. ‘या पावसात गळती झाली का, कौलं कधी शाकारली?’ असं थेट विचारा. जुलै-ऑगस्टसाठी माझी पसंती दगडी भिंतींच्या कौलारू घराला. कपडे वाळत नाहीत, म्हणून मोज्यांचे चार जोड जास्तीचे न्या.

१६. धबधब्याखाली भिजता येतं ना? आणि सांदण दरी?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते उभे राहिले तेव्हा पाणी थोडंच होतं. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खाली पोहोचेपर्यंत तुमच्या डोक्यावर ऊनही असू शकतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा येऊ लागला, आवाज वाढला की तत्क्षणी बाहेर या. सेल्फी नाही, चप्पल आणायला परत जाणं नाही. रंधा धबधबा तर फक्त कठड्यामागून बघायचा.

सांदण दरी पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य. दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत, पाणी आलं तर चढून जायला जागाच नाही. हिवाळ्यात साम्रदचा वाटाड्या घेऊनच जा. जलाशयात पोहू नका. काठालगत गाळ असतो आणि तळ अचानक खोल जातो. नावेत बसाल तर लाइफ जॅकेटशिवाय नाही.

१७. मोबाइलला रेंज असते का? दोन दिवस तिथूनच काम करायचं आहे.

शेंडीत बऱ्यापैकी, पुढे गावागणिक आणि कंपनीगणिक वेगळी. मालकाला विचारा, ‘तुम्ही कोणतं कार्ड वापरता?’ आणि तेच बरोबर न्या. महत्त्वाची मीटिंग असेल तर तो दिवस घरीच काढा. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

१८. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि बाळ आठ महिन्यांचं आहे. नेऊ का?

न्या की. शेंडीजवळची, गाडी दारापर्यंत जाणारी, कमोड असलेली, पायऱ्या नसलेली केबिन शोधा. त्रिकोणी केबिनमध्ये झोपायची जागा पुष्कळदा शिडी चढून माळ्यावर असते, ती टाळा. नेहमीची औषधं एक दिवस जास्तीची घ्या. पावसाळ्यातल्या घाटघरला त्यांना घेऊन जाऊ नका.

१९. अमेरिकेहून आलेला माझा भाऊ बरोबर आहे. त्याचा पासपोर्ट तिकडचा. काही अडचण?

अडचण नाही, पण बुकिंगच्या वेळीच सांगा. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की यजमानाला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. सगळ्या लहान केबिनवाल्यांकडे ही सोय नसते, आणि दारात पोहोचल्यावर नकार मिळाला तर रात्रीच्या वेळी पंचाईत होते. भावाने पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड मूळ स्वरूपात बरोबर ठेवावं. बाकी सगळ्यांचं आधार किंवा तत्सम ओळखपत्र लागतंच.

२०. इलेक्ट्रिक कार केबिनवर चार्ज होईल का?

विचारल्याशिवाय प्लग लावू नका. गावातल्या जोडणीवर आधीच मोटार आणि गिझर चालू असतात, वायर तापते. सोळा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग असेल तर रात्री दहानंतर संथ चार्जिंग होऊ शकतं, त्याचे पैसे वेगळे द्या. पण वीज जातेच हे धरून महामार्गावर चार्ज करून वर या, परत उतरण्यापुरता साठा ठेवूनच.

२१. वाढदिवस आहे. स्पीकर लावला तर?

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच मनाई आहे. त्याआधीही लावू नका अशी माझी कळकळीची विनंती. शेजारच्या घरात दिवसभर चिखलात उभं राहून लावणी केलेली माणसं झोपलेली असतात. केक कापा, हळू आवाजात गाणी म्हणा. थर्माकोलच्या ताटल्या आणि फुगे आणू नका. या गावांत घंटागाडी येत नाही, तेव्हा कोरडा कचरा पिशवीत भरून आपल्या गाडीतून परत न्यायचा.

२२. एकच रात्र मिळते आहे. काय काय बसवू?

कमी बसवा. दुपारी तीनपर्यंत शेंडीत पोहोचा, चहा घेऊन तळ्याकाठी चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं मंदिर बघा, ऊन चढण्याआधी परत येऊन भाकरी खा आणि निघा. १६४६ मीटरचं कळसूबाई एका रात्रीच्या मुक्कामात कोंबायचं असेल तर बारीत राहून पहाटे चढायला लागा, मग बाकी काही नाही. छत्रीसारखा फुलणारा अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच दिसतो, त्यामुळे तो यादीत धरू नका. दिसला तर गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबा.